पंखाचं टोक

धक्का इतका लहान होता, की मागच्या सीटवरच्या माणसाचा गुडघा लागला असेल असं मला पहिल्यांदा वाटलं. मग बाहेरून, उजवीकडून, रिकामं घमेलं फरशीवरून ओढावं तसा आवाज आला. विमान जरासं वळल्यासारखं झालं आणि थांबलं. कुणी किंचाळलं नाही. पुढे एक मूल रडत होतं, ते मात्र एकदम गप्प झालं. माझी खिडकी उजव्या पंखाच्या थोडी मागे होती, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. आमच्या पंखाचं वर वळलेलं टोक शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानाच्या शेपटीत, तिच्या आडव्या पात्यात शिरलं होतं. फार नाही, हातभर. पांढरा पत्रा चुरगळून आत गेला होता आणि फाटलेल्या जागेतून वहीच्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी राखाडी बाहेर आलं होतं. त्या विमानातही माणसं बसलेली होती. तिरप्या रांगेतल्या लहान लहान खिडक्यांतून ती आमच्याकडे बघत होती, आम्ही त्यांच्याकडे. एका बाईनं काचेवर पंजा टेकवला होता. सात वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती. कालपासून मी सारखी घड्याळच बघत होते, म्हणून ते लक्षात आहे.

"ठोकली," शेजारचे गृहस्थ म्हणाले. पन्नाशीचे, गुडघ्यांवर बॅग धरून बसलेले. पुण्यात त्यांचं पंपांचं दुकान होतं. मला फोनवर मराठी बोलताना ऐकून त्यांनी ते आपणहून सांगितलं होतं. "एवढं मैदानासारखं मैदान, आणि ह्यांना साइड देता येईना. आमच्या मार्केट यार्डातले टेम्पोवाले परवडले." पुढच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. मग स्पीकरवरून आवाज आला: किरकोळ कारणानं थोडा वेळ थांबावं लागत आहे, प्रवाशांनी जागेवर बसून राहावं, पट्टे सोडू नयेत. आवाज शांत होता, सवयीचा. किरकोळ हा शब्द मी मनात दोनदा उच्चारून पाहिला. कुठल्याशा मासिकात मी वाचलं होतं, की मोठ्या विमानतळांवर असं होत असतं. बसल्या जागेवरून वैमानिकाला स्वतःच्या पंखाचं टोक दिसत नाही, तो खाली रंगवलेल्या रेषेवर विश्वास ठेवून चालवतो, आणि गर्दीच्या वेळी एखादं विमान रेषेच्या थोडं अलीकडे उभं राहिलेलं असलं तर कुणाच्या लक्षात येत नाही. ग्रंथपालाच्या नोकरीत असं पुष्कळ वाचून होतं. उपयोग होतो असं नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला माझे वडील, आमचे बप्पा, कडा गावच्या चारा-छावणीत दावणीशेजारी बसल्या बसल्या गेले. मे महिना होता. आमच्या वस्तीवर जनावरांना ना चारा होता ना पाणी, म्हणून सोसायटीनं उघडलेल्या छावणीत आमच्या दोन गाई होत्या आणि त्यांच्यासोबत अडीच महिने बप्पाही होते. गाईपुढे टाकलेली वैरण तशीच राहिलेली बघून शेजारच्या दावणीवाल्यानं हाक मारली, तेव्हा कळलं. मला सहाला फोन आला. ज्या शहरात मी नोकरी करते तिथून पुण्याला पहिलं विमान सकाळचं होतं. नऊ-सव्वानऊला पुणे, तिथून गाडी करून दीडपर्यंत वस्ती. धोंडीदादा, माझा थोरला चुलतभाऊ, म्हणाला, "लेक यायचीय म्हनल्यावर थांबाया पाहिजे. थांबतो. पर एक गोष्ट हाय शिवे, पाण्याची."

पाण्याची गोष्ट अशी होती. वस्तीवर तिसऱ्या दिवशी टँकर येतो, सकाळी. अकरा घरांची टिपाडं, दारापुढची पिंपं, भरली की गेला. भरलेल्या टिपाडातून मयताच्या अंघोळीला पाणी घेतलं तर उरलेलं पाणी कुणी तोंडाला लावत नाही, ते ओतून द्यावं लागतं. एरवी ओतून देतात आणि त्याबद्दल कुणी बोलतही नाही. पण ह्या उन्हाळ्यात टिपाडभर पाणी मातीत ओतायची कल्पना कुणाला सहन होण्यासारखी नव्हती. दोन महिन्यांत वस्तीवर दोन म्हातारी माणसं गेली होती, आणि तेवढ्यात वस्तीनं आपली आपण एक रीत पाडली होती. टँकर आला की पाइप आधी मयताकडे न्यायचा, उभ्या टँकरच्या धारेखालीच अंघोळ घालायची, आणि मग टिपाडं भरायची. टँकरचं पाणी वाहतं, त्याला दोष नाही. नेमका आज टँकरचा दिवस होता. पण अंघोळ झाली की माणूस घरातला राहत नाही. त्याला पुन्हा उंबऱ्याच्या आत नेत नाहीत, बाहेरच ठेवतात, आणि पुढचं सगळं लवकर करायचं असतं. भावकीतल्या कुठल्याच घरात तोवर चूल पेटत नाही. धोंडीदादा म्हणाला होता, "तुला उशीर होनार आसंल तर तसं सांग. माझं टिपाड हाय. दुपारी त्यातनं घालू आंगूळ, राह्यलेलं देऊ वतून. त्यात काय." त्यात काय, हे तो इतक्या पटकन म्हणाला, की त्यात काय आहे ते मला समजलं. त्याच्या घरात सात माणसं.

सात वाजून एकवीस मिनिटांनी त्याचा फोन आला तेव्हा विमान नुकतं मागे ढकललं जात होतं. "टँकर आलाय. आसाराम म्हनतोय धा मिन्टं थांबतो. निघालीस का?" मी खिडकीतून पाहिलं. इमारत सरकत होती. आमच्याकडे चाक हललं की माणूस निघालं. एस. टी. स्टँडाबाहेर पडली की घरी कळवायचं, निघाले. पुढचं सगळं रस्त्याचं असतं, ड्रायव्हरचं असतं, माणसाच्या हातात काही उरत नाही आणि घरचेही मग त्या हिशेबानं पाणी तापवायला ठेवतात. एवढी वर्षं ह्या शहरात राहिले, पुस्तकांत राहिले, पण ते तसंच शिल्लक होतं. "निघाले," मी म्हणाले. "बरं, मंग घेतो," तो म्हणाला. एअर होस्टेसनं खूण केली म्हणून मी फोन बंद केला.

धक्का बसल्यावर माझा हात फोनकडे गेला होता. हे मी स्वतःपासून लपवत नाही. सात एकेचाळीस. दहा मिनिटं थांबतो म्हणणारा टँकरवाला वीस थांबतो. मयत असलं की माणसं घाई करत नाहीत. कदाचित अजून पाइप लावला नसेल. एक फोन, एवढंच. पण स्पीकर किरकोळ म्हणाला होता. पाच मिनिटांत हे मोकळं होईल, आणि मी त्यांना उगाच घाबरवलेलं असेल. धोंडीदादाचं टिपाड मातीत जाईल, माझ्या भित्रेपणामुळे. आणि फोन बंद ठेवायचा हा नियम होता, तोही मी पाळला. नियम पाळणारी मुलगी म्हणून बप्पांना माझं कौतुक होतं. मी फोन मांडीवर पालथा ठेवला आणि पंखाच्या टोकाकडे बघत राहिले. पिवळी जाकिटं घातलेली तीन माणसं खाली आली होती. ती वर बघत होती. एकानं दोन्ही हात कमरेवर ठेवले होते. ते बघून मला साखर कारखान्याचं यार्ड आठवलं, आणि एकदा आठवल्यावर ते डोळ्यांपुढून जाईना.

बप्पा कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाड्या लावायचे. त्यांचा हुद्दा कागदावर काय होता ते मला अजून माहीत नाही, सगळे यार्डवाले बप्पाच म्हणत. गळीत सुरू असलं की वजनकाट्यापासून ऊस रिकामा करायच्या जागेपर्यंत टायरगाड्याच टायरगाड्या. बैल दहा-पंधरा कोस चालून आलेले, गाडीवान उसाच्या ढिगावर झोपलेले, गाडी आणि गाडी ह्यांच्यात वीतभर जागा. मी दुपारी भाकरी घेऊन जायची तेव्हा बप्पा गर्दीच्या मधोमध उलटे चालत असायचे, पाठीनं, दोन्ही तळवे बैलांसमोर धरून. गाडीवानाशी ते बोलतच नसत. बैलांशी बोलत. ये, ये, ये, थांब. एकदा माझ्यासमोर दोन गाड्यांचे आख एकमेकांत अडकले. मोठं काही झालं नाही, असाच घमेलं ओढल्यासारखा आवाज. दोघंही गाडीवान खाली उतरून सुरू झाले. "तुला दिसंना का बे?" "तूच आला ना बे माझ्या अंगावर, तुज्यायला, तूच!" मागच्या वीस गाड्यांतून लोक ओरडायला लागले. बप्पांनी कुणाचंच ऐकलं नाही. त्यांनी आधी दोन्ही जुवं उतरवली, चारी बैल बाजूला नेऊन हौदावर सोडले, ते पाणी पिईपर्यंत तिथेच उभे राहिले, आणि मग चार माणसं लावून गाडी उचलून सरकवली. घरी आल्यावर मी विचारलं, चूक कुणाची होती? मी तेव्हा पाचवीत होते, प्रत्येक गोष्टीत चूक कुणाची हे मला लागायचं. ते भाकरी मोडत म्हणाले, "कुनाचीच न्हाई. जागा कमी हाय अन् समद्यांला म्होरं जायचंय." मला ते उत्तर आवडलं नव्हतं. तो कारखाना ह्या वर्षी सुरूच झाला नाही. ऊसच नव्हता. यार्डात, धोंडीदादा सांगत होता, शेळ्या बसतात.

आठ वाजून आठ मिनिटांनी आजूबाजूचे सगळेच फोन काढून बोलायला लागले, म्हणून मीही सुरू केला. तो सुरू होताक्षणी वाजला.

"लागला फोन. पोचलीस व्हय इतक्यात?"

"न्हाई दादा. अजून इथंच आहे."

"इथंच म्हंजी? पुन्यात?"

"न्हाई. जिथनं निघाले तिथंच. विमानाला विमान घासलंय. बसवून ठेवलंय आम्हाला."

पाठीमागे बायांचा आवाज होता, टिपाडावर टिपाड आपटल्याचा होता.

"तू तर निघाले म्हन्लीस."

"चाक हललं होतं, दादा."

"आंगूळ घातली गं," तो म्हणाला. रागानं नाही. काहीतरी सांडल्यावर माणूस बोलतं तसं. "आत्ताच गेला आसाराम. भायेर निजवलंय. तिरडी बांधाया घेतलीय."

फोन दुसऱ्या हातात गेल्याचं कळलं. तुळजाबाई, माझी आत्या. बप्पांची धाकटी बहीण, वय सत्तर, आवाज कुणालाही ऐकू जाईल असा. शेजारच्या गृहस्थांनाही तो ऐकू जाऊ लागला. "काय म्हनं, इमानाला इमान घासलं? आभाळ कमी पडलं व्हय त्यांला?"

"आभाळात न्हाई आत्या. खालीच. उभ्या उभ्या."

"मंग उतर की खाली अन् दुसऱ्यात बस. आमी न्हाई का फाट्याव जीप बदलीत? कावून बसलीस त्यात?"

"उतरू देत न्हाईत."

"आता गं बया. पायी निघाली असतीस रातच्याला तर आत्तालोक निम्मी आली असतीस." आणि मग त्याच आवाजात, मध्ये श्वासही न घेता, "माझा भाऊ वाट बघतोय गं तुझी, शिवकन्ये." आणि ती रडायला लागली. धोंडीदादानं फोन परत घेतला. म्हणाला, थांबतो आम्ही. बाभळीची सावली आहे. सावली सरकली की आम्ही सरकवतो त्यांना. साडेदहापर्यंत सावली पुरेल. मग बघू.

मी मनात मांडून पाहिलं. आत्ता उडालं तरी पुण्याला दहा. दहाला निघाले तरी दोन-अडीच. बाभळीची सावली साडेदहापर्यंत. मी पुन्हा मांडलं, पुन्हा तेच आलं. एअर होस्टेसला विचारलं, तेव्हा तिनं बाहेर बघितलं, जणू उत्तर तिथे लिहिलेलं असेल. दोन्ही विमानं आहेत त्या जागेवरून हलवता येत नाहीत, ती म्हणाली, तपासायला अधिकारी यायचे आहेत. मी तिला सांगितलं, माझे वडील वारलेत. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, आय अॅम सो सॉरी मॅम, आणि पाण्याची बाटली आणून दिली. मी ती उघडली नाही. बाटलीवर थेंब जमले होते, ते माझ्या बोटांवर उतरले. तेवढ्या पाण्यात काय काय होतं ह्याचा विचार मी करायला लागले, आणि तो विचार थांबवला.

खरं तर मला काय हवं होतं? मला बप्पांचं तोंड बघायचं होतं. दहाव्याला बसायला, रडायला, आईला धरायला, ह्या सगळ्याला पुढे दिवस पडलेले होते. तोंडाला नव्हते. आमचं शेवटचं प्रत्यक्षातलं बोलणं दिवाळीत झालं होतं, अंगणात, आणि तेही असंच किरकोळ. पाऊस गेला होता, विहिरीत खडक दिसत होता. मी म्हणाले, गाई विका आणि तुम्ही दोघं चला माझ्याकडे. ते म्हणाले, "जनावरं कुनाच्या भरवशाव टाकू?" मी वर्षभर तेच ऐकत होते. मी म्हणाले, "मग राहा जनावरांसाठी." एवढंच. ते बरं म्हणाले. त्यांच्या बरं ह्या शब्दात काय काय असायचं ते मला कधीच नीट कळलं नाही. तो उच्चारताना ते माणसाकडे न बघता थोडं डावीकडे बघायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला फाट्यापर्यंत सोडलं, पिशवी उचलून जीपमध्ये ठेवली. नंतर सहा महिने फोनवर बोललो, पाण्याचं, आईच्या गुडघ्यांचं, छावणीत किती जनावरं आली त्याचं. छावणीतही ते गाड्या लावाव्यात तशा वैरणीच्या रांगा लावतात म्हणून आई हसत सांगायची. पण दिवाळीचं कुणीच काढलं नाही. कुठे काही मोडलं नव्हतं, सगळं चालू होतं. फक्त आत कुठेतरी हातभर जागा चुरगळलेली होती, आणि तोंड बघितलं असतं तर मला कळलं असतं, की ती त्यांच्याकडे होती की माझ्याकडेच. मेलेल्या माणसाच्या तोंडावर असं काही लिहिलेलं नसतं हे मला माहीत आहे. तरीही.

नऊ वाजता आमच्या पंखाखाली एक उंच शिडी लावली गेली. एक माणूस वर चढून फाटलेल्या जागेचे फोटो घेऊ लागला. समोरून, बाजूनं, खालून. दुसरा टेपनं मोजत होता. मला त्यांच्या सावकाशपणाचा राग आला नाही. ते त्यांचं काम नीट करत होते. सगळे आपापलं काम नीट करत होते, होस्टेस, स्पीकर, शिडीवाला, मी. ऊन पंखावर आलं. समोरच्या विमानातली काचेवर पंजा टेकवणारी बाई आता झोपली होती, तिचं डोकं खिडकीला लागलं होतं. शेजारच्या गृहस्थांनी गुडघ्यांवरची बॅग सारखी केली. मग म्हणाले, "ताई, गाव कुठलं?" मी सांगितलं. "कड्याला मी आलोय. सबमर्सिबलच्या कामाला. नऊशे फूट गेले होते तिथे एका ठिकाणी, धूळच येत होती नुसती." मग त्यांना वाटलं असावं की हे बोलायला नको होतं. त्यांनी बॅगेची चेन उघडली आणि लावली.

साडेनऊला धोंडीदादाचा फोन. काही हललं का? नाही. पावणेदहाला पुन्हा. तो आता जरा दूर जाऊन बोलत होता, आजूबाजूचे आवाज लहान झाले होते. "शिवे, तुला समजतंय ना? कालच्या पाचपसून हायेत. बरफ आनला व्हता, त्यो सकाळीच पानी झाला. ऊन लई हाय. अंगात... तुला समजतंय ना मी काय म्हनतोय?"

"समजतंय."

"मान्सं काय म्हनंनात पर बसल्यात उपाशी. ल्हान ल्हान लेकरं हायेत. मी म्हनत न्हाई उचला म्हनून. मी म्हनलो का तसं? तू म्हनशीलस तसं. संध्याकाळलोक थांब म्हन्लीस तरी थांबू."

त्यानं ते मनापासून म्हटलं होतं, तेच अवघड होतं. त्यानं घाई केली असती, आत्या भांडली असती, भावकीतल्या कुणी परस्पर उचललं असतं, तर मला आयुष्यभर कुणावर तरी रागावता आलं असतं. माझ्या एका शब्दासाठी अकरा घरांच्या चुली थंड होत्या आणि कुणी काही म्हणत नव्हतं. तो पुढे म्हणाला, "व्हिडिओ लावू का? दिसतं समदं. तोंड दावतो तुला." मी नको म्हणाले. लगेच म्हणाले. वस्तीवरची रेंज मला ठाऊक होती. चित्र मध्येच अडकतं, चेहऱ्याचे चौकोन होतात, एक डोळा एका जागी आणि ओठ दुसरीकडे. ते तसंच डोळ्यांत राहिलं असतं. त्यापेक्षा दिवाळीतलं, थोडं डावीकडे बघणारं तोंड बरं. पण मी नको म्हटलं आणि फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात आलं, की दिसण्याची जी एकच वाट उरली होती ती मी माझ्याच हातानं बंद केली. पुन्हा फोन करून हो म्हणावं असं तीनदा वाटलं. केला नाही.

दहा वाजून पाच मिनिटांनी आईचा फोन आला. आई फोन तोंडापासून लांब धरून बोलते, त्यामुळे ती नेहमी अंगणापलीकडून बोलल्यासारखी वाटते.

"शिवा."

"माय."

"किती टाइम लागंल?"

"सांगत न्हाईत, माय."

"तोंड उघडं ठिवलंय तुझ्यासाठी. माशा बसाया लागल्यात. मी हाकलतेय पदरानं, पर हात भरून आला बाई माझा."

मी डोळे मिटले. मला तिचा हात दिसला, हिरव्या चुड्याचा नाही, आता तो नसणार. नुसता हात, पदराचा कोपरा धरलेला, जाणारा येणारा, जाणारा येणारा. सकाळी आठपासून.

"माय, उचलायला सांग."

"मी न्हाई सांगायची."

"मग दादाला दे."

"धोंडीला बी न्हाई. तू येनार म्हनून ऱ्हायलेत ते. त्यांलाच सांग तू. मी धरते फोन." आणि मग दुसऱ्या कुणाला तरी, "कुठं धरू?" आत्याचा आवाज आला, "डाव्या कानाला धर, चंद्रभागा. उजवा कवाच गेलता, त्या भोंग्यापायी. डावा, डावा. आता आन् पल्याड कुठं निघालीस, हिकडनं!" कारखान्याचा भोंगा वर्षानुवर्षं यार्डाच्या उजव्या अंगाला वाजायचा. हे खरं होतं. मी फोनवर बोलताना बप्पा नेहमी म्हणायचे, थांब, कान बदलतो. पलीकडे कापड सरकल्याचा आवाज झाला. मग सगळं शांत झालं. माणसं होती, त्यांचं असणं ऐकू येत होतं, पण कुणी बोलत नव्हतं. सगळी वस्ती मी काय बोलते त्यासाठी थांबली होती, आणि इकडे माझ्या पुढच्या, मागच्या, शेजारच्या सीटवर माणसं होती, आणि मी ह्या शहरात बारा वर्षांत मोठ्यानं कधी बोलले नव्हते.

"बप्पा," मी म्हणाले.

माझा आवाज मला परका वाटला नाही, उलट फार जुना वाटला. भाकरीचं फडकं हातात घेऊन यार्डाच्या काठावरून हाक मारावी तसा. पुढच्या सीटवरची मान वळली आणि पुन्हा सरळ झाली.

"बप्पा, मी शिवा. मला न्हाई येता येत. अडकून पडलेय इथं." दिवाळीचं बोलायचं होतं. ते जिभेवर होतं, तीन-चारच शब्द होते. पण फोन आईच्या हातात होता, तिला दिवाळीचं ठाऊक नव्हतं, आणि शेजारी आत्या होती, धोंडीदादा होता. तेवढ्या सगळ्यांतून ते शब्द नेता येणार नव्हते. "उन्हात नका बसू आता. माझी वाट नका बघू. जा तुम्ही."

आईनं थोडा वेळ फोन तसाच धरून ठेवला. उत्तरासाठी धरावा तसा. मग म्हणाली, "ऐकलं त्यांनी." एकदम बायांचा आवाज उठला, आणि त्यातून धोंडीदादाचा, "चला. धरा. तिकडनं धर रे. सांभाळून." फोन कुणीतरी घेतला, घासला, कशावर तरी आपटला. मला वाटलं बंद होईल. झाला नाही. धोंडीदादानं तो तसाच सदऱ्याच्या खिशात टाकला असावा.

त्यानंतरचं मी सगळं ऐकलं. आधी नुसतं कापड. मग श्वास. धोंडीदादा साठीचा आहे, आणि बप्पा हाडापेरानं मोठे होते. खांद्यावर वजन आल्यावर त्याच्या छातीतून एक लहानसा हुंकार निघाला, आणि मग पावलं सुरू झाली. वाळलेल्या ढेकळांवरून माणसं चालतात तेव्हा कसा आवाज होतो हे मी विसरले नव्हते. बायांचा आवाज मागे राहत गेला, तिथे आईही राहिली असणार. मग तोही संपला. कुणीतरी म्हणालं, "हिकडनं घ्या, तिकडं काटं हायेत." कुणाला खोकला आला. धोंडीदादाचं हृदय ऐकू येत होतं की माझं, ते मला सांगता येणार नाही. एकदा तो कुणाला तरी म्हणाला, "तिला लई वाईट वाटलं असंल रे."

इकडे दार उघडलं होतं. शिडी लावली होती. स्पीकरवरचा आवाज सांगत होता, की प्रवाशांनी सामान घेऊन उतरावं, दुपारच्या विमानात सोय करण्याचा प्रयत्न होईल. लोक उठले. वरचे कप्पे उघडले, बॅगा निघाल्या, मधल्या वाटेत रांग लागली, आणि एकमेकांना ढकलत, माफी मागत, सगळे पुढे सरकू लागले. शेजारचे गृहस्थ उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, माझी पिशवी वरच्या कप्प्यातून काढून अलगद त्यांच्या रिकाम्या सीटवर ठेवली आणि गेले. फोन मी दोन्ही हातांनी कानाशी धरला होता. तो बंद करणं बरं, असं मला वाटलं. चोरून ऐकल्यासारखं होत होतं. पण बंद केला असता तर मी कुठे असते?

"विसाव्याची जागा आली," कुणीतरी म्हणालं. नदीच्या वाटेवर निम्म्यात एक सपाट जागा आहे. तिथे तिरडी खाली ठेवतात, माणसं खांदे बदलतात आणि उरलेली वाट चालतात. बायकांनी तिथवर जायचं नसतं, म्हणून मी ती कधी जवळून पाहिलेली नाही. खाली ठेवल्याचा आवाज झाला, जड आणि सावकाश. धोंडीदादानं खूप मोठा श्वास सोडला.

"मॅम," एअर होस्टेस माझ्यासमोर उभी होती. तिच्यामागे सगळ्या सीटा रिकाम्या होत्या. "सब उतर गये."

मी तिला हातानं थांब म्हटलं. ती थांबली.

"बसा घडीभर," फोनमध्ये कुणीतरी म्हणत होतं. "ऊन लई हाय. घाई न्हाई आता."